ट्रान्सफॉर्मरला स्वतःचा ओहम नसतो

मामांचा मंडपाचा धंदा होता. कराडजवळचं आमचं गाव आणि आसपासची दहा-बारा गावं, तिथे लग्न असो, जत्रा असो की गणपती, कर्णे आणि मशीन मामांकडूनच जायचं. ॲम्प्लिफायरला तिकडे सगळे ‘मशीन’च म्हणतात. ट्रान्झिस्टरची मशीन आली तसं व्हॉल्व्हचं मशीन माळ्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. चार वर्षांपूर्वी घर रंगवायला काढलं तेव्हा मामांचा फोन आला, “तुझ्या गिटारच्या कामाचं असेल तर घेऊन जा, नाहीतर भंगारवाला उद्या येणारच आहे.” मी त्याच दुपारी पुण्याहून गाडी काढली.

मशीन उचललं तेव्हाच आत चांगलं लोखंड आहे हे कळलं. झाकण काढलं तर एका टोकाला मेनचा ट्रान्सफॉर्मर आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ तेवढाच आउटपुटचा. मधे ईएल३४ या मोठ्या पॉवर व्हॉल्व्हची दोन सॉकेटं, एकात फुटका व्हॉल्व्ह, दुसरं रिकामं. मागच्या पट्टीवर ४, ८, १६ ओहम आणि लांब वायरींवरच्या कर्ण्यांसाठी १०० व्होल्ट लाइन असे स्क्रू. मामांनी सोबत बिस्किटाचा पत्र्याचा डबाही दिला. त्यात ‘सकाळ’च्या कागदात गुंडाळलेले बंगळूरच्या बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्स) व्हॉल्व्ह, चार ईएल८४ आणि तीन ईसीसी८३, सगळे न वापरलेले. ईएल८४ हे ईएल३४पेक्षा छोटे पॉवर व्हॉल्व्ह, ईसीसी८३ सुरुवातीचा बारीक सिग्नल वाढवणारे.

तो डबा पाहून गिटारचा कुठला ॲम्प बनवायचा ते ठरलं. दोन ईएल८४ पुशपुल (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने विरुद्ध बाजूंनी ओढतात), म्हणजे व्हॉक्सचा एसी१५ किंवा मार्शलचा १९६०च्या दशकातला १८ वॅटचा ॲम्प, त्या घराण्यातला. कॅथोड बायस, म्हणजे व्हॉल्व्हचा करंट कॅथोडखालचा एक रेझिस्टर सांभाळतो; निगेटिव्ह फीडबॅक नाही, म्हणजे आउटपुटचा भाग दुरुस्तीसाठी मागे फिरवलेला नाही; मोजके भाग. सर्किट काढून झालं, पत्र्याचा चासी वाकवून आणला, मेनचा ट्रान्सफॉर्मर ठरला. अडलं ते आउटपुट ट्रान्सफॉर्मरपाशी. पुढचे सात महिने मी त्या एका भागात होतो, म्हणून हे लिहिणंही त्याच्यापुरतंच आहे.

व्हॉल्व्हकडे व्होल्टेज भरपूर आणि करंट अगदी थोडा. स्पीकरचं उलट, त्याला व्होल्टेज थोडं लागतं आणि करंट भरपूर. मधे हा ट्रान्सफॉर्मर दोघांची गाठ घालून देतो. ईएल८४च्या डेटाशीटमध्ये दोन व्हॉल्व्हच्या पुशपुल जोडीसाठी ३०० व्होल्टला प्लेट-टू-प्लेट (एका व्हॉल्व्हच्या प्लेटपासून, म्हणजे आउटपुटच्या टोकापासून, दुसऱ्याच्या प्लेटपर्यंत) ८,००० ओहम लोड सांगितला आहे आणि त्यातून १७ वॅट मिळतात असं लिहिलं आहे. मी तो ८,००० आकडा धरून बसलो. कॅनडाच्या हॅमंडचे ट्रान्सफॉर्मर बघितले, पण लोखंडाचं वजन विमानाने आणायचं म्हणजे भाडं आणि वर कस्टम. मग मामांच्या मशीनमधल्या ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे व्हॉल्व्हकडचे वेढे, मल्टीमीटरने मोजली. एका प्लेटच्या वायरीपासून दुसऱ्या प्लेटच्या वायरीपर्यंत १४० ओहम आले. कुठे ८,००० आणि कुठे १४०. मी तो बाजूला ठेवून दिला.

पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत हे पुण्यात सगळ्यांना माहीत असतं. तिथून आत गेलं की एका जिन्याखाली ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे एक काका बसतात. स्टॅबिलायझर, चार्जर, कधी एखाद्या जुन्या रेडिओचं काम. मी त्यांना म्हटलं, “काका, ८,००० ओहमचा ट्रान्सफॉर्मर करून मिळेल का?” त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. हँडल फिरवत, ओठांनी वेढे मोजत त्यांनी ती फेरी पुरी केली, कागदावर आकडा लिहिला आणि मग म्हणाले, “ट्रान्सफॉर्मरला स्वतःचा ओहम नसतो हो. अलीकडे जे लावाल ते तो पलीकडे मोठं करून दाखवतो. किती मोठं, ते वेढ्यांवर. तुमचा स्पीकर किती ओहमचा, ते आधी सांगा.”

हे मी कॉलेजात शिकलो होतो. वेढ्यांच्या प्रमाणाचा वर्ग म्हणजे इम्पिडन्सचं (एसीला होणाऱ्या विरोधाचं) प्रमाण, परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्या जिन्याखाली ते खरं कळलं. १४० ओहम ही नुसत्या तांब्याच्या तारेची डीसी रेझिस्टन्स होती, लोडशी तिचा संबंध नाही. आणि ‘८,००० ओहमचा ट्रान्सफॉर्मर’ हे बोलणंच अर्धवट आहे. ८ ओहम लावले तर ८,०००, १६ लावले तर तोच १६,०००, काहीच लावलं नाही तर त्याला अंतच नाही.

घरी येऊन मामांचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा टेबलावर घेतला. मोजायची रीत सोपी आहे, पण ती कुठल्या बाजूने करायची ते महत्त्वाचं. फिलामेंटचा ६.३ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा आणि ते व्होल्टेज प्रायमरीच्या दोन प्लेट वायरींना द्यायचं, मग सेकंडरीच्या, म्हणजे स्पीकरकडच्या वेढ्यांच्या, प्रत्येक टॅपवर (४, ८, १६च्या जोडणीवर) काय येतं ते बघायचं. हेच ६.३ व्होल्ट चुकून सेकंडरीला दिले तर दुसऱ्या टोकाला शंभराच्या वर व्होल्ट उभे राहतात, आणि टेबलावर पडलेल्या त्या दोन उघड्या वायरी बोटांची वाट बघत असतात. माझा ६.३चा ट्रान्सफॉर्मर लोड नसताना ६.६ देत होता. ८ ओहमच्या टॅपवर ०.३२ व्होल्ट आले. ४च्या टॅपवर ०.२२६, १६च्या टॅपवर ०.४५ आणि १०० व्होल्ट लाइनवर २.०७.

६.६ भागिले ०.३२ म्हणजे २०.६. त्याचा वर्ग साधारण ४२५. त्याला ८ने गुणलं की ३,४००. ईएल३४च्या जोडीला ३७५ व्होल्टवर ३,४०० ओहमच सांगितलेले असतात, म्हणजे मशीन करणाऱ्याने डेटाशीटप्रमाणेच काम केलं होतं. १०० व्होल्ट लाइनचाही हिशेब जुळला. ३० वॅटला १०० व्होल्ट म्हणजे ३३३ ओहम, आणि तेही पलीकडे ३,४००च दिसतात. मोजलेला प्रत्येक आकडा एकमेकाला दुजोरा देत होता. रात्री साडेअकराला मी एकटाच त्या कागदाकडे बघून खूश होतो.

मग पुढचं सुचलं. मला ८,००० हवेत आणि याच्याकडे ३,४०० आहेत. पण हे ३,४०० ८च्या टॅपला ८ ओहमचा स्पीकर लावला तर. त्याच टॅपला १६ ओहमचा स्पीकर लावला तर दुप्पट, ६,८००. ईएल८४ला ६,८०० अगदी चालतात. थोडा करंट जास्त, थोडा स्वभाव वेगळा, धोका काही नाही. म्हणजे मामांचं लोखंड कामाचं होतं, फक्त स्पीकर १६ ओहमचा हवा.

तोवर स्पीकर मी घेतलेला नव्हता, हे नशीब. ओळखीतल्या एका मुलाने मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून सेलेस्चनचा जी१२एम, म्हणजे ग्रीनबॅक, १६ ओहमचा आणून दिला. २५ वॅटचा, १२ इंची, सेन्सिटिव्हिटी ९८ डेसिबल. सेलेस्चनच्याच अल्निको ब्लू स्पीकरचा मोह मलाही झाला होता, तो १०० डेसिबलचा आहे. पण तो १५ वॅटचा. १५ वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प पूर्ण उघडला की लाटेची टोकं कापली जातात आणि तो १५च्या बराच वर जातो. एकाच ब्लूवर तो भार टाकायला माझा जीव झाला नाही. शिवाय ते दोन डेसिबल मला नकोच होते, मी फ्लॅटमध्ये राहतो.

ॲम्प जोडला. प्लेटवर ३१० व्होल्ट, दोन्ही व्हॉल्व्हच्या कॅथोडच्या सामाईक १३० ओहमवर ११ व्होल्ट. म्हणजे दोघांत मिळून ८५ मिलिॲम्पियर, त्यातले स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचे) वजा केले की एकेका प्लेटला साधारण ३८. गुणाकार साडेअकरा वॅटच्या आसपास, आणि ईएल८४ची मर्यादा १२. आमच्याकडे संध्याकाळी मेन २३० असतो आणि रात्री उशिरा २४५ला जातो, त्यामुळे हा आकडा मी रात्री पुन्हा मोजला. मर्यादेच्या काठावर होता, पण आत.

पहिली कॉर्ड वाजवली ती ई मेजरची. आवाज मोठा, स्वच्छ, खर्ज भरगच्च. पण दोन-तीन दिवस वाजवल्यावर काहीतरी खटकायला लागलं. व्हॉल्यूम वाढवला तरी तो तसाच ताठ. बोटाने तार जोरात ओढली की ज्या ठिकाणी आवाज किंचित दबून मग फुलायला हवा, तिथे तो फुलत नव्हता. तिसाहून जास्त वॅटसाठी केलेला गाभा, त्यावर १५ वॅट. लोखंडाला घामही येत नव्हता. भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखं ऐकू यावं म्हणून तो बनवला होता, आणि ते तो चोख करत होता.

याच दिवसांत एक अपघात झाला. स्पीकरची वायर मी साध्या पाव इंची जॅकने जोडली होती. वाजवता वाजवता पाय अडकला आणि प्लग अर्धा बाहेर आला. आवाज बंद झाला म्हणून मी सवयीने आणखी जोरात तार छेडली. त्या क्षणी चासीच्या आतून चट-चट असा बारीक आवाज आला, बोटाच्या टोकाने नख मोडावं तसा. मी धावत जाऊन स्विच बंद केला. कॅपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे केले, मीटरने शून्य बघितलं आणि मग सॉकेट उघडलं. एका ईएल८४च्या सॉकेटवर ७ नंबरच्या पिनपासून, म्हणजे प्लेटच्या पिनपासून, मोहरीएवढा काळा माग उमटला होता. सॉकेट बदललं. व्हॉल्व्ह वाचला, ट्रान्सफॉर्मरही वाचला.

ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला स्पीकर शॉर्ट झालेला सोसत नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्पचं नेमकं उलट आहे. त्याला स्पीकर निघालेला सोसत नाही. लोड गेला की गाभ्यात साठलेली ऊर्जा जायला वाट नसते, प्लेटवरचं व्होल्टेज हजाराच्या वर उसळतं आणि इन्सुलेशन जिथे कमजोर असेल तिथून वाट काढतं. फेंडरच्या जुन्या ॲम्पमध्ये स्पीकरचा जॅक असा असतो की प्लग काढला की आउटपुट आपोआप शॉर्ट होतं. मी तेव्हा ते जुन्या काळचं काहीतरी म्हणून सोडून दिलं होतं. आता तोच जॅक लावला. वर २२० ओहमचा १० वॅटचा रेझिस्टर आउटपुटवर कायमचा आडवा टाकला. ८ किंवा १६ ओहमपुढे तो असून नसल्यासारखा, पण वायर तुटली तर पलीकडे काहीतरी लोड राहतो. प्रत्येक प्लेटपासून ग्राउंडकडे १एन४००७ डायोड तीन-तीन सिरीजमध्ये घातले. आता माझ्याकडे कुणी पहिला ॲम्प बनवायला बसला तर मी सर्किटच्या आधी हे तीन भाग हातात देतो.

नवा ट्रान्सफॉर्मर करायचा ठरवून पुन्हा जिन्याखाली गेलो. तेव्हा काका मला ‘तू’ म्हणायला लागले होते.

हिशेब मी घरून करून नेला होता. स्पीकर ८ ओहम धरून ८,०००, म्हणजे प्रमाण १,०००, वर्गमूळ ३१.६. प्रायमरी २,६०० वेढे, बरोबर १,३०० वर सेंटर टॅप. सेकंडरी ८ ओहमला ८२ वेढे आणि तीच पुढे नेऊन ११६व्या वेढ्याला १६ ओहमचा टॅप. प्रायमरीला ३६ गेजची तार, सेकंडरीला २० गेजची. स्टॅम्पिंग, म्हणजे गाभ्याच्या ई आणि आय आकाराच्या पट्ट्या, ३३ नंबरची, मधली जीभ २८ मिलिमीटर, थरही तेवढाच, चौकोनी. काकांनी कागद वाचला. “गॅप ठेवायचा का, चोकसारखा?” म्हणजे गाभ्याच्या पट्ट्यांमध्ये बारीक फट. मी म्हटलं, नको. एकाच व्हॉल्व्हचा ॲम्प असता तर प्रायमरीतून एकाच दिशेने डीसी वाहिला असता आणि गॅप लागला असता. इथे दोन व्हॉल्व्ह समोरासमोर आहेत, दोघांचा डीसी एकमेकाला खोडतो. म्हणून ई आणि आय पट्ट्या एक इकडून, एक तिकडून घालायच्या.

जे सांगायचं राहिलं तेच चुकलं. काकांनी मेनच्या ट्रान्सफॉर्मरच्या सवयीने पूर्ण प्रायमरी खाली गुंडाळली आणि तिच्यावर पूर्ण सेकंडरी. काम देखणं होतं. घरी लावला, खर्ज छान, मधला आवाज छान, पण वरचं सगळं जणू घोंगडीखाली. सिग्नल जनरेटर लावून बघितलं तर ६,००० हर्ट्झलाच उतरण लागली होती. प्रायमरी आणि सेकंडरी एकमेकांपासून लांब राहिली की काही चुंबकीय रेषा एकीतून निघून दुसरीपर्यंत पोचतच नाहीत. ५० हर्ट्झच्या चार्जरला त्याचं काही वाटत नाही, गिटारला वाटतं.

दुसऱ्या वेळी मी समोर बसलो. काकांनी आधी अर्धी प्रायमरी घातली, १,३०० वेढे. ३६ गेजची तार केसाहून थोडीच जाड. उजव्या हाताने हँडल आणि डाव्या हाताच्या तर्जनी-अंगठ्यात तार, मधे कापडाचा तुकडा. तार ताणून धरायची पण ओढायची नाही, हे ते बोटानेच ओळखत होते. एक थर भरला की पातळ कागद, पुन्हा उलट दिशेने दुसरा थर. १,३००ला लूप काढून लाल स्लीव्ह घातली. त्यावर पिवळा इन्सुलेशन कागद दोन फेरे, मग सेकंडरी. २० गेजची तार एवढी कडक की प्रत्येक कोपऱ्यावर ते लाकडाच्या पट्टीने हलकेच ठोकून बसवत होते. ८२ला एक टॅप, ११६ला टोक. पुन्हा पिवळा कागद, आणि वर उरलेली अर्धी प्रायमरी. म्हणजे सेकंडरी दोन अर्ध्या प्रायमरींच्या मधे, दोन पोळ्यांमध्ये पुरण असावं तशी.

मी तिथेच मीटर लावला. खालचा अर्धा ११८ ओहम, वरचा १४१. मी जरा घाबरलो, दोन बाजू सारख्या नकोत का? काका म्हणाले, “वेढे सारखेच आहेत. वरचा घेर मोठा, तार जास्त लागली. तू वेढे बघ, तार नको बघू.” आणि ते खरंच होतं. घरी पुन्हा ६.३ व्होल्ट लावून दोन्ही अर्ध्यांचं व्होल्टेज बघितलं तर काटेकोर सारखं.

या ट्रान्सफॉर्मरवर वाजवलेली पहिली संध्याकाळ माझ्या चांगल्या लक्षात आहे. खर्ज मामांच्या ट्रान्सफॉर्मरपेक्षा थोडा कमी, पण व्हॉल्यूम अर्ध्यावर गेल्यावर स्वर बोटाखाली दबला आणि मग उमलला. त्याच व्हॉल्व्हवर, त्याच स्पीकरवर. मामांचा ट्रान्सफॉर्मर वाईट नव्हता. लांब वायरींवर दहा कर्णे वाजवायला तो उत्तम होता. गिटारला मात्र थोडं थकणारं लोखंड लागतं, असं माझं आता पक्कं मत आहे.

आता लोडचे प्रयोग. ॲल्युमिनियमच्या खोक्यातले ५० वॅटचे वायरवाउंड रेझिस्टर मोठ्या हीटसिंकवर बसवले आणि १,००० हर्ट्झचा सिग्नल दिला. लाटेचं टोक चपटं व्हायला लागायच्या जरा आधीचं व्होल्टेज लिहून घेतलं. ८च्या टॅपला ८ ओहम, १०.६ व्होल्ट, म्हणजे १४ वॅट. त्याच टॅपला ४ ओहम, ७ व्होल्ट, सव्वाबारा वॅट. १६ ओहम, ११.९ व्होल्ट, नऊच्या आत. लोड अर्धा केला किंवा दुप्पट केला तरी ॲम्प चालतो, फक्त एका बाजूला करंट आधी संपतो आणि दुसऱ्या बाजूला व्होल्टेज. ईएल८४सारख्या पेंटोडला, म्हणजे पाच इलेक्ट्रोडच्या व्हॉल्व्हला, मी १६ ओहमच्या बाजूला जास्त जपतो, कारण लोड वाढला की स्क्रीनवर ताण येतो आणि प्लेटचं उसळणंही वाढतं.

पण खरं काय ते पुढच्या मोजणीने दाखवलं. स्पीकर १६ ओहमचा आहे म्हणजे नक्की काय? मीटरने डीसी मोजली तर १३. मग जनरेटरचा १ व्होल्ट, मधे १,००० ओहमचा रेझिस्टर आणि पुढे स्पीकर. करंट जवळजवळ १ मिलिॲम्पियर, म्हणून स्पीकरवर जितके मिलिव्होल्ट तितके साधारण ओहम. ४०० हर्ट्झला १७ आले. खाली खाली आलो तसा आकडा चढायला लागला. ८० हर्ट्झच्या आसपास मीटर शंभरावर गेला आणि हिशेब दुरुस्त करून ११० ओहम निघाले. कोन हाताला थरथरताना जाणवत होता, कारण ग्रीनबॅकचा रेझोनन्स, म्हणजे जिथे कोन सगळ्यात सहज हलतो ती जागा, ७५ हर्ट्झलाच सांगितलेला आहे आणि माझ्या उघड्या पाठीच्या पेटीत तो जरा वर सरकला होता. मग वर गेलो, ५,००० हर्ट्झला ४५ ओहम.

गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झवर वाजते. म्हणजे ती तार छेडली की स्पीकर १६ नसून ११० ओहमच्या घरात असतो आणि मामांच्या ट्रान्सफॉर्मरमधून व्हॉल्व्हला ते ६,८०० नव्हे, ४६,०००हून जास्त दिसतात. मी ६,८०० की ८,००० यावर आठवडे घालवले होते, आणि स्पीकर प्रत्येक स्वराला हा आकडा स्वतःच बदलत होता. फीडबॅक नसलेल्या पेंटोडच्या ॲम्पमध्ये जिथे इम्पिडन्स वर, तिथे व्होल्टेजही वर. खालचा तो भरीवपणा आणि वरची ती धार यांचा मोठा भाग स्पीकरच्या या चढ-उतारातून येतो. पेटीवर लिहिलेला आकडा म्हणजे या चढ-उताराच्या वळणाच्या तळाशी कुठेतरी असलेली एक जागा.

म्हणून आता माझा क्रम उलटा झाला आहे. आधी स्पीकर, मग त्याचं वळण, मग व्हॉल्व्ह आणि व्होल्टेज, आणि शेवटी वेढ्यांचं प्रमाण. प्रमाणात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे झाले तर मला झोप लागते. सेकंडरीची जागा चुकली असेल तर लागत नाही. मित्र दुसरा १६चा कॅबिनेट घेऊन येतो तेव्हा दोन पॅरलल होऊन ८ होतात, मी टॅप बदलतो आणि वाजवायला बसतो.

रात्रीचं वाजवणं हा शेवटचा प्रश्न होता. ९८ डेसिबलचा स्पीकर एका वॅटला एका मीटरवर ९८ देतो, तर १५ वॅटला ११०च्या आसपास. सोसायटीत खालच्या मजल्यावर दीड वर्षाचं बाळ आहे. पहिल्यांदा मी नुसता ८ ओहमचा रेझिस्टर लोड म्हणून लावला आणि आउटपुटमधून थोडा सिग्नल काढून हेडफोनवर ऐकला. ॲम्प खूश होता, आवाज मेलेला. कारण आता कळत होतं. रेझिस्टरला वळणच नाही.

मग स्पीकरसारखा वागणारा लोड बनवला. ८ ओहमचा मोठा रेझिस्टर, त्याच्याबरोबर सिरीजमध्ये ०.८ मिलिहेन्रीची कॉइल वरच्या चढासाठी. खालच्या उंचवट्यासाठी २० मिलिहेन्रीची कॉइल, २०० मायक्रोफॅरडचे बायपोलर कॅपॅसिटर आणि ३३ ओहम, तिन्ही एकमेकांना पॅरलल. त्याचा रेझोनन्स बरोबर ८० हर्ट्झला पडतो. ती मोठी कॉइल करून घ्यायला मी पुन्हा काकांकडे गेलो. त्यांनी कागद बघितला आणि विचारलं, “हिला गॅप?” मी म्हटलं, हो काका, हिला हवा. त्यांनी ई आणि आयच्या मधे पोस्टकार्डाची पट्टी घातली आणि माझ्या मीटरवर आकडा बघत बघत ती जाड-पातळ करत २०वर आणून दिली.

गेल्या दिवाळीत मामा पुण्याला आले होते. ॲम्पच्या मागच्या बाजूला वाकून त्यांनी आपला जुना ट्रान्सफॉर्मर शोधला. तो मी दुसऱ्या चासीवर बसवला आहे, दोन ईएल३४बरोबर, त्याच्या ३,४००वर, त्याच्या मूळ कामाच्या जवळ. मामांनी त्यावर हात ठेवला, गरम झाला आहे का ते बघितलं आणि म्हणाले, “रात्रभर चालायचा. सकाळी काकडआरतीला सुद्धा हात ठेवता यायचा.” मग खुर्ची ओढून बसले आणि मी १६चा स्पीकर १६च्या टॅपला लावला.